परसातील कोंबडीचा न उमगणारा आजार: तपासणी आणि शुश्रूषा

कोंबडीचा स्वभावच असा, की दुखणे अंगावर काढता येईल तितके दिवस ती ते दिसू देत नाही. कळपातील दुबळ्या पक्ष्याला इतर कोंबड्या टोचून बाजूला सारतात आणि शिकारी जनावरही आधी त्याच्यावरच झडप घालते. त्यामुळे अंगात त्राण असेपर्यंत ती इतरांबरोबर माती उकरत राहते, चोचीने दाणे इकडेतिकडे करत राहते आणि लांबून पाहणाऱ्याला ती खात आहे असेच वाटते. मग एखाद्या सकाळी ती पिसे फुगवून, मान आखडून, शेपूट पाडून कोपऱ्यात उभी दिसते. तोपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. "काल संध्याकाळपर्यंत चांगली होती" या सांगण्यावर पशुवैद्य फारसे विसंबत नाहीत ते यामुळेच, आणि अशी कोंबडी दिसल्यावर उद्यापर्यंत वाट पाहणे बहुधा महागात पडते.

दुसरी अडचण अशी, की या फुगलेल्या, पेंगणाऱ्या रूपावरून आजार ओळखता येत नाही. जंत झाले, अंडे अडकले, काही विषारी पोटात गेले, यकृतात गाठ झाली किंवा विषाणूची बाधा झाली, तरी बाहेरून दिसणारे चित्र जवळजवळ सारखेच असते. लक्षणे वाचून रोगाचे नाव शोधायला बसले, की चार-पाच नावे सहज जुळतात आणि त्यातील सर्वांत भयंकर नाव मनात घर करते. माझे मत असे, की नावाचा शोध थोडा पुढे ढकलावा. आधी पक्ष्याला आधार द्यावा, मग त्याला हातात घेऊन ठरावीक क्रमाने तपासावे आणि जे दिसले ते लिहून ठेवावे. "काय झाले काही कळतच नाही" असे ज्यांच्याबद्दल सांगितले जाते, त्यातील पुष्कळ कोंबड्यांना कोणी उचलून नीट पाहिलेलेच नसते.

हात लावण्यापूर्वी

आधी आधार आणि मग हातात घेऊन तपासणी, या क्रमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एकाच वेळी अनेक कोंबड्या सुस्त झाल्या, एक-दोन दिवसांत पक्षी लागोपाठ मरू लागले, डोके आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजला, तुरा जांभळा-काळसर पडला किंवा माना पिळवटल्यासारख्या वळू लागल्या, तर हे एका कोंबडीचे दुखणे राहत नाही. बर्ड फ्लू आणि राणीखेत, म्हणजेच मानमोडी, हे दोन्ही विषाणूजन्य रोग अशा झपाट्याने पसरू शकतात, त्यांची लक्षणे एकमेकांशी मिळतीजुळती असतात आणि प्रयोगशाळेतील चाचणीशिवाय त्यांतील फरक खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी पक्षी विनाकारण हाताळू नयेत, कापू नयेत, कोणाला देऊ किंवा विकू नयेत, मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत आणि शासकीय पशुवैद्यकीय विभागाला ताबडतोब कळवावे. बर्ड फ्लूचे काही प्रकार माणसालाही होतात, तेव्हा येथे धाडस दाखवण्यात शहाणपण नाही.

एकटीच कोंबडी आजारी असली तरी साबणाने हात धुणे, खुराड्यात वापरायची पादत्राणे वेगळी ठेवणे आणि निरोगी पक्ष्यांचे खाणेपिणे उरकल्यावरच आजारी कोंबडीकडे जाणे, एवढे पथ्य पाळावेच. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. लहान मुलांना आजारी कोंबडी कुरवाळू देऊ नये.

वेगळी जागा, ऊब आणि पाणी

तपासणीआधी किंवा निदान तपासणीबरोबरच ही तीन कामे व्हायला हवीत, कारण आजार कोणताही असो, त्यांचा उपयोग होतोच. कोंबडीला मोठ्या खोक्यात, पिंजऱ्यात किंवा डालग्याखाली, शांत आणि वारा थेट न लागणाऱ्या जागी ठेवावे. तळाला भुसा न घालता वर्तमानपत्र किंवा पांढरे जुने कापड अंथरावे. भुशात विष्ठा दिसेनाशी होते. कागदावर मात्र तिने किती वेळा, कोणत्या रंगाची आणि किती पातळ विष्ठा टाकली, हे अगदी स्पष्ट दिसते, आणि ही माहिती पुढे फार कामी येते. वेगळे ठेवल्याने आणखी एक गोष्ट कळते: ती खरोखर किती खाते, किती पिते आणि अंडे घालते की नाही. चार-सहा कोंबड्यांच्या घोळक्यात हे कधीच नेमके समजत नाही.

निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण 41 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा बरेच जास्त असते. आजारी पक्षी खात नाही, त्यामुळे ही उष्णता टिकवण्यासाठी लागणारे इंधन त्याला मिळत नाही. पिसे फुगवणे हा उष्णता धरून ठेवण्याचाच प्रयत्न असतो. म्हणून खोक्याच्या एका बाजूला 27 ते 30 अंशांपर्यंत ऊब मिळेल असा दिवा लावावा आणि दुसरी बाजू थंड ठेवावी, म्हणजे तिला स्वतःहून सरकता येईल. चोच उघडी टाकून ती धापा टाकू लागली आणि पंख अंगापासून दूर धरू लागली, तर ऊब जास्त झाली असे समजावे. दिवा नीट अडकवलेला असावा आणि कागद-कापडापासून लांब असावा; खोक्याला आग लागण्याचे प्रकार घडतात. कडक उन्हाच्या दुपारी आधीच धापा टाकणाऱ्या कोंबडीला अर्थातच ऊब द्यायची नाही. तिला सावली, वारा आणि गार पाणी द्यावे, पाय ओले करावेत, मात्र बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि वजनाने त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी पिते. उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. उपाशी कोंबडी काही दिवस तग धरते, पण पाण्यावाचून लवकर ढासळते. तिच्या चोचीचे टोक पाण्यात बुडवून दाखवावे. पुष्कळदा तेवढ्याने ती पिऊ लागते. न प्यायल्यास ड्रॉपरने चोचीच्या कडेवर एक-एक थेंब सोडावा आणि प्रत्येक थेंब तिने गिळल्याची खात्री करून पुढचा द्यावा. चोच उघडून पाणी ओतणे धोक्याचे आहे, कारण कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि ओतलेले पाणी सहज फुप्फुसात जाते. आजार बरा होण्याजोगा असूनही अशा पाजण्यामुळे दगावलेल्या कोंबड्या काही थोड्या नसतात. पक्ष्यांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर मिळाल्यास पाकिटावरील प्रमाणात दोन-तीन दिवस द्यावी, त्याच वेळी साधे पाणीही शेजारी ठेवावे. खाण्यासाठी तिचे नेहमीचेच खाद्य कोमट पाण्यात भिजवून द्यावे. मात्र गळ्याखालची, खाल्लेले अन्न आधी साठते ती अन्नपिशवी रिकामी होते आहे हे पाहिल्याशिवाय जबरदस्तीने काही भरवू नये.

हातात घेऊन तपासणी

कोंबडीला संध्याकाळी, ती दांड्यावर स्थिरावल्यावर पकडणे सोपे जाते. दोन्ही पंख अंगालगत दाबून धरावेत, एक हात छातीखाली घालून पाय बोटांमध्ये घ्यावेत आणि तिला आपल्या अंगाशी टेकवावे. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो; छातीचे हाड खाली-वर झाले तरच हवा आत-बाहेर होते. म्हणून छाती घट्ट आवळून धरलेली कोंबडी हातातच गुदमरू शकते, आणि पोट फुगलेल्या कोंबडीला उताणे केल्यास तिचा श्वास कोंडतो.

सर्वांत आधी वजन करावे. आधीचे वजन माहीत नसेल, तर छातीच्या मधल्या हाडावरून बोटे फिरवावीत. निरोगी कोंबडीत त्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले लागते. हाड सुरीच्या पात्याप्रमाणे हाताला टोचत असेल, तर ती कित्येक दिवसांपासून, बहुधा कित्येक आठवड्यांपासून खंगत चालली आहे, आणि मग कालच्या खाण्यात काय आले याचा विचार करण्यात अर्थ उरत नाही. याउलट भरलेल्या अंगाची कोंबडी अचानक कोलमडली असेल, तर विषबाधा, अडकलेले अंडे, ऊन किंवा तीव्र संसर्ग यांकडे आधी पाहावे. एका बोटाने मिळणारी ही माहिती शक्यतांची यादी निम्म्यावर आणते.

तुरा फिकट पडला असेल, तर रक्त कमी होत आहे; रक्त पिणारे किडे, जंत किंवा आतड्यांतील रक्तस्राव ही त्याची नेहमीची कारणे. जांभळा तुरा रक्ताभिसरण किंवा श्वासोच्छ्वास बिघडल्याचे सांगतो. तुऱ्यावर आणि चोचीच्या कडेला काळपट खपल्या असतील, तर ती डासांमार्फतही पसरणारी देवी असू शकते. डोळ्यांत फेस, नाकातून पाणी आणि शिंका असतील, तर मायकोप्लाझ्मासारखा श्वसनाचा संसर्ग संभवतो. चेहरा सुजलेला असून नाकातील स्रावाला दुर्गंध येत असेल, तर कोरायझाचा, म्हणजे जिवाणूमुळे होणाऱ्या सर्दीसारख्या रोगाचा, संशय घ्यावा. तोंडात पिवळट, चिकटून बसलेला थर आहे का, हे उजेडात पाहावे. मग कान तिच्या पाठीजवळ नेऊन श्वास ऐकावा. घरघर किंवा टिकटिक असा आवाज निरोगी कोंबडीत येत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट खाली-वर होत असेल, तर तिला श्वास घेण्यासाठी झटावे लागत आहे.

गळ्याच्या खाली, छातीच्या वर, किंचित उजवीकडे असलेली अन्नपिशवी दोनदा तपासावी लागते. रात्री ती भरलेली असणे योग्य. रात्रभर खाद्य काढून घेतल्यावर पहाटे ती रिकामी, हाताला जवळजवळ न लागणारी असली पाहिजे. पहाटे ती ओल्या मातीच्या गोळ्यासारखी घट्ट लागली, तर लांब गवत, दोरा किंवा तंतुमय काही आत अडकून बसले आहे. मऊ, पाणी भरल्यासारखी लागली आणि चोचीला आंबूस वास आला, तर आतील अन्न कुजून बुरशी वाढली आहे. दोन्ही प्रकारांत एक दिवस घन अन्न बंद ठेवून फक्त पाणी द्यावे आणि पिशवी दिवसातून काही वेळा हलक्या बोटांनी चोळावी. घट्ट गोळा असल्यास काही थेंब खाद्यतेल, वर सांगितलेली काळजी घेऊन, चालते. कोंबडीला उलटी धरून पिशवी रिकामी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मानू नये, कारण वर आलेला द्रव श्वासनलिकेत जाऊन ती जागीच मरू शकते. शिवाय न रिकामी होणारी पिशवी हा पुष्कळदा मूळ आजार नसतोच: पोटात खाली गाठ असली, जंतांचा गुंता झाला किंवा अंगात ताप असला तरी वरचा भाग काम करेनासा होतो. दोन दिवसांत सुधारणा झाली नाही तर पिशवीवरच उपचार करत बसू नये.

यानंतर दोन पायांच्या मधला, गुदद्वाराखालचा पोटाचा भाग तळहाताने चाचपावा आणि लगेच एखाद्या निरोगी कोंबडीचा तोच भाग चाचपून पाहावा. तुलनेशिवाय येथे काहीच कळत नाही. फुग्यात पाणी भरल्यासारखे पोट म्हणजे आत द्रव साठला आहे, आणि घट्ट, जड पोट म्हणजे चरबी, गाठ किंवा अंड्याच्या पदार्थाचा साठा. गुदद्वाराजवळची पिसे उलटी करून मुळाशी पाहावे. तेथे पांढरट करडे कण झुपक्याने चिकटलेले असतील, तर त्या उवांच्या लिखा आहेत, आणि कातडीवरून पिवळसर उवा झपझप पळताना दिसतात. विष्ठेने लडबडलेल्या पिसांखाली माश्यांच्या अळ्या तर पडल्या नाहीत ना, हेही पाहावे. उष्ण, दमट दिवसांत त्या एका दिवसात कातडी पोखरतात. तांबडे माइट (अगदी बारीक किडे) मात्र दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडत नाहीत. ते खुराड्याच्या फटींत दडतात आणि रात्री रक्त पितात. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरा कागद ओढावा. कागदावर लाल रेघा उमटल्या तर फिकट तुऱ्याचे आणि "अशक्तपणा"चे कारण हाती आले.

शेवटी पाय. तळव्यावर काळी खपली असलेली सूज म्हणजे आत पू साठलेली जखम. पायावरचे खवले वर उचललेले असतील तर खवल्यांखालचे माइट. मग तिला जमिनीवर ठेवून चालताना पाहावे.

विष्ठा वाचणे

निरोगी विष्ठा तपकिरी-हिरवट, बऱ्यापैकी घट्ट आणि वर पांढरा थर असलेली असते. हा पांढरा भाग म्हणजे मूत्रपिंडातून आलेले युरेट. दिवसातून काही वेळा कोंबडी गडद, चिकट, फार घाण वास येणारी विष्ठा टाकते. ती आंधळ्या आतड्यातून येते आणि पूर्णपणे नैसर्गिक असते, तरी पहिल्यांदा वेगळे ठेवलेल्या कोंबडीच्या खोक्यात ती पाहून लोक घाबरतात. गडद हिरवी, पाणचट विष्ठा बहुतेक वेळा एवढेच सांगते, की पोटात अन्न नाही आणि नुसते पित्त बाहेर पडत आहे. मानमोडीतही हिरवी हगवण होते, पण तेव्हा इतर लक्षणे जोडीला असतात. पांढरी, पाण्यासारखी विष्ठा मूत्रपिंडांवर ताण असल्याचे दाखवते. स्पष्ट रक्त दिसले, विशेषतः लहान वयाच्या कोंबडीत, तर रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, हा पहिला संशय. तो एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि ओल्या भुशात झपाट्याने वाढतो. तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे पट्टकृमीचे असू शकतात. गोल जंत मात्र पुष्कळ झाल्याशिवाय विष्ठेत दिसत नाहीत, म्हणून "जंत दिसले नाहीत" याचा अर्थ "जंत नाहीत" असा होत नाही. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून पशुवैद्यकाकडे दिल्यास सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजता येतात, आणि या सबंध प्रकरणातील ही सर्वांत साधी व उपयोगी चाचणी आहे.

काय बदलले होते

तपासणी झाल्यावर मागच्या दोन-तीन आठवड्यांचा विचार करावा. नवे पक्षी आणले होते का? खाद्याचे पोते नवे होते का, ओलसर होते का, त्याला कुबट वास येत होता का? बुरशी लागलेल्या धान्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खराब करते आणि त्याची लक्षणे अगदी अस्पष्ट असतात. परसात रंगकाम, बांधकाम किंवा फवारणी झाली होती का? खिळे, तारेचे तुकडे, जुन्या शिसेयुक्त रंगाच्या पापुद्र्या कोंबडी आवडीने टिपते. जवळपास मेलेले जनावर, कुजका पालापाचोळा किंवा अळ्यांचा ढीग होता का? पाय, मग पंख, मग मान असा लुळेपणा काही तासांत चढत गेला आणि मान जमिनीवर टेकली, तर कुजक्या मांसातील बोट्युलिझमचे विष पोटात गेले असण्याची शक्यता मोठी असते. त्या अळ्यांमध्येही ते विष असते, म्हणून तो ढीग तातडीने शोधून नष्ट करावा, नाहीतर दुसरी कोंबडीही त्याच वाटेने जाईल.

काही वेळा आजार नसतोच. पिसे झडण्याच्या काळात कोंबडी मलूल होते, अंडी बंद करते, तुरा आक्रसतो आणि कोणी हात लावलेला तिला खपत नाही. खुडूक बसलेली कोंबडी दिवसभर घरट्यात राहते, कमी खाते आणि एकाच वेळी मोठी, दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते. खुडूक कोंबडी जवळ गेल्यावर अंग फुगवून गुरगुरते आणि चोच मारते. आजारी कोंबडी काहीच करत नाही. फरक एवढा ठळक असूनही गफलत होते.

नेहमी भेटणारी दोन दुखणी

अंडे अडकलेली कोंबडी अंग उभे धरून, शेपूट खाली पाडून वारंवार कुंथते, घरट्यात ये-जा करते आणि अंडे मात्र येत नाही. एक अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि त्यातील सुमारे 20 तास कवच बनण्यात जातात. कॅल्शियम कमी पडले, अंडे फार मोठे झाले किंवा कोंबडी फार लठ्ठ असली, की ते वाटेत थांबते. पोट बुडेल एवढ्या कोमट पाण्यात तिला 20-30 मिनिटे बसवावे, नीट कोरडे करावे, गुदद्वाराला थोडे वंगण लावावे आणि उबदार, अंधाऱ्या जागी एकटे सोडावे. शिंपल्याचा चुरा किंवा पशुवैद्याने सांगितलेले कॅल्शियम द्यावे. बोटाने चाचपताना अंडे फोडू नये. कवचाचे तुकडे आत राहिल्यास संसर्ग होतो. त्या दिवसात अंडे आले नाही तर पशुवैद्यकाकडेच जावे. दोन वर्षांहून मोठ्या आणि भरपूर अंडी दिलेल्या कोंबडीत पोट हळूहळू सुजणे, अंडी थांबणे आणि खंगणे असे झाले, तर अंडनलिकेचा संसर्ग, पोटात सांडलेले बलक किंवा गाठ यांपैकी काहीतरी असते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर घरी त्यावर फारसे काही करता येत नाही. पशुवैद्य पोटातील पाणी काढून तात्पुरता आराम देऊ शकतात.

दुसरे दुखणे तरुण कोंबड्यांचे. साधारण दीड ते सात महिन्यांच्या वयात एक पाय पुढे आणि एक मागे ताणून कोंबडी आडवी पडली, भूक असूनही वजन घटत गेले, किंवा एका डोळ्याचे बुबुळ करडे होऊन बाहुली वेडीवाकडी दिसू लागली, तर मारेक रोगाचा संशय घ्यावा. तो हर्पिस गटातील विषाणूमुळे होतो, पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि त्यावर उपचार नाही. लस पिल्लू एक दिवसाचे असताना, किंवा अंड्यात असतानाच, टोचतात. ती गाठी आणि लुळेपणा टाळते, विषाणूचा शिरकाव मात्र थांबवत नाही. त्यामुळे एका कोंबडीत रोग ठरला, की सबंध कळपात विषाणू आहे असे धरूनच नवे पक्षी आणण्याचा विचार करावा.

औषधांविषयी

घाबरलेला माणूस हाताला येईल ते औषध देतो: जंताचे, अँटिबायोटिक, जीवनसत्त्वे आणि एखादा घरगुती काढा, सगळे एकाच दिवशी. कोंबडी बरी झाली तर कशाने, हे कळत नाही, आणि मेली तर आजाराने की औषधांनी, हेही कळत नाही. अँटिबायोटिक विषाणूवर, जंतावर, गाठीवर किंवा अडकलेल्या अंड्यावर काहीही करत नाही. शिवाय ते आधी दिले असेल तर नंतर घेतलेल्या नमुन्यात जिवाणू उगवत नाहीत आणि खरे कारण हाती येत नाही. म्हणून नमुना आधी, औषध नंतर. रक्ती हगवणीवर वापरले जाणारे अँप्रोलियम हे औषध परजीवीला मिळणाऱ्या जीवनसत्त्व बी-1 ची वाट अडवून काम करते, तेव्हा त्याच्या जोडीला बी-1 असलेले टॉनिक देणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे. कोणतेही औषध दिल्यावर त्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत, हे पशुवैद्याला विचारावे आणि ती मुदत पाळावी. अनेक औषधे बलकात उतरतात. मायकोप्लाझ्मासारख्या संसर्गात लक्षणे थांबली तरी कोंबडी आयुष्यभर वाहक राहू शकते, हेही येथे लक्षात ठेवावे.

उत्तर न मिळाल्यास

सगळे पाहूनही काही हाती लागत नाही, असे होतेच. अशा वेळी रोज त्याच वेळेला वजन, खाल्लेले खाद्य, प्यायलेले पाणी, पहाटेची अन्नपिशवी आणि विष्ठा एवढ्या नोंदी ठेवाव्यात. कोंबडी "जरा बरी वाटते" या भावनेपेक्षा वजनाचा आकडा जास्त खरे बोलतो. दोन-तीन दिवस ऊब, पाणी आणि मऊ खाद्य देऊनही वजन घसरतच असेल, तर नोंदींसह पशुवैद्यकाकडे न्यावे. शक्यतो पक्ष्यांवर उपचार करणाऱ्याकडे. तोंड उघडून श्वास घेणे, उभे न राहता येणे, रक्त जाणे, गुदद्वारातून आतला भाग बाहेर येणे किंवा अळ्या पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी न्यावे. खाणे पूर्ण थांबले, उठता येत नाही आणि श्वासासाठी धडपड सुरू आहे, अशा अवस्थेत दिवस मोजत बसण्यापेक्षा पशुवैद्याकडून तिला वेदनेविना मरण देणे मी योग्य मानतो. त्यात हार मानल्यासारखे काही नाही.

कोंबडी मेली, तर लगेच पुरू नये. कारण कळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग शवविच्छेदन हाच आहे, आणि मागे राहिलेल्या कोंबड्यांसाठी त्याचे मोल फार आहे. शरीर साबणाच्या पाण्याने भिजवावे, म्हणजे पिसांत अडकलेली उष्णता लवकर निघून जाते. मग ते दोन पिशव्यांत बांधून, खाण्याच्या पदार्थांपासून वेगळे, बर्फाच्या पेटीत किंवा फ्रिजमध्ये ठेवावे आणि 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावे. गोठवू नये, गोठल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगे काही उरत नाही. सोबत वय, लक्षणे, दिलेली औषधे आणि खाद्य यांची चिठ्ठी द्यावी.

बरी झालेल्या कोंबडीला परत सोडताना घाई करू नये. ती सलग काही दिवस स्वतःहून पूर्ण खात असली, वजन भरले असले आणि श्वासाचे व विष्ठेचे काही लक्षण उरले नसले, तरच सोडावे. आठवडाभर बाहेर राहिलेल्या कोंबडीची कळपातील जागा गेलेली असते, आणि तिच्याच जुन्या सोबतिणी तिला परक्यासारख्या टोचतात. आधी दोन-तीन दिवस जाळीपलीकडून एकमेकींना पाहू द्यावे, नंतर अंधार पडल्यावर तिला दांड्यावर इतरांच्या शेजारी ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी खाद्याचे आणि पाण्याचे आणखी एक-एक भांडे थोड्या अंतरावर मांडून ठेवावे, म्हणजे तिला हुसकावले तरी ती उपाशी राहणार नाही.